तोंडी आदेश

नगरपालिकेतलं भांडण गावाला दिसतं ते सभागृहातलं. कुणी माईक ओढतो, कुणी विषयपत्रिका फाडतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. सभा लिपिक म्हणून अशा सभांची इतिवृत्तं लिहिण्यात माझी नोकरी गेली. सभागृहात आवाज चढण्याच्या कितीतरी आधी खरं भांडण फाईलच्या टिपणीत होऊन गेलेलं असतं, आणि त्यात हरणारा माणूस बहुतेक वेळा सभागृहात नसतोच.

प्रस्ताव खालून वर जातो. कनिष्ठ अभियंता किंवा लिपिक टिपणी लिहून सही करतो, मग विभागप्रमुख, लेखापाल, मुख्याधिकारी म्हणजे सीओ. वरून परत येताना फाईलवर शेरा असतो. त्यातला सगळ्यात घातक शेरा म्हणजे ‘नियमानुसार कार्यवाही करावी’. कोणत्या नियमानुसार, ते कुठेच नाही. यात होकार नाही, नकारही नाही. काम सुरळीत पार पडलं तर ती मंजुरी होती. बिघडलं तर खालच्याने नियम पाहिला नाही. दुसरा शेरा ‘चर्चा करा’. चर्चा केबिनमध्ये होते, दार लोटून होते आणि तिची नोंद होत नाही. कर्मचाऱ्याच्या टेबलावर साधारण फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं राज्याचा 2005 चा बदल्या आणि विलंबाचा कायदा सांगतो. ‘चर्चा करा’ लिहिलं की फाईल टेबलावरून हलते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

मी जवळून पाहिलेलं प्रकरण उन्हाळ्यातलं आहे. गावाची मुख्य जलवाहिनी फुटली. वरच्या आळीत बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला अध्यक्षांचा फोन आला, “टँकर लावा, बिलाचं मी बघतो.” थोड्या वेळाने सीओ साहेबांचाही आला, “लोक ओरडतायत, करून टाका.” त्याने टँकर लावले. दुसरं काय करणार होता तो? पावसाळ्यात ठेकेदाराचं बिल आलं. तोवर अध्यक्ष आणि सीओ यांचं दुसऱ्याच कुठल्या निविदेवरून फाटलं होतं. बिलावर शेरा पडला : ‘पूर्वमंजुरी कोणाची? खुलासा घ्यावा.’ अभियंत्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. ती जावक रजिस्टरला चढवून आणायला मलाच पाठवलं होतं.

यासाठी सरळ वाट होती, म्हणून मला राग येतो. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 58(2) प्रमाणे लोकांच्या सुरक्षिततेसाठी तातडीचं काम असेल तर अध्यक्ष सभेची वाट न पाहता ते करण्याचा आणि त्याचा खर्च नगरपालिका निधीतून देण्याचा आदेश काढू शकतात. पुढच्या सभेत कारणांसह त्याचा अहवाल ठेवायचा, अशी अट आहे. टँकरचं काम त्यात चपखल बसत होतं. पण त्यासाठी सही लागते. सही केली की सभेत उत्तर द्यावं लागतं, आणि लेखापरीक्षणात आक्षेप आला तर तो आपल्या नावावर येतो. फोनला यातलं काहीच नसतं.

अध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्यात खटके उडणारच. एक गावाने निवडलेला, दुसरा शासनाने पाठवलेला आणि उद्या बदलून जाणारा. एकाला मतदाराकडे जायचंय, दुसऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभं राहायचंय. सभेचा ठराव बेकायदा वाटला तर सीओ कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवतात, तिथून अंमलबजावणीला स्थगिती येते. अशा भांडणाचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्यात प्रत्येकाची बाजू कागदावर असते आणि खालच्या माणसाला मध्ये उभं केलेलं नसतं.

बहुतेक नगरपालिकांची मुदत 2021 च्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच संपली आणि डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपर्यंत प्रशासक बसले. कित्येक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. ठराव करणाराही तोच, अंमल करणाराही तोच. आरडाओरडा थांबला, तेव्हा ‘आता ऑफिस शांत झालं’ असं लोक म्हणायचे. तिथल्या कर्मचाऱ्यांकडून मात्र मी वेगळं ऐकत होतो. फोन थांबले नव्हते, फोन करणारे बदलले होते. पहाटेच्या हजेरीला मुकादमाला आजही कुणी ना कुणी सांगतं, दोन माणसं आमच्या गल्लीत पाठव. नाही पाठवली तर तिथेच शिव्या, पाठवली तर दुसऱ्या प्रभागाची तक्रार त्याच्याच नावाने.

तोंडी आदेशावर उपाय आधीच लिहिलेला आहे. 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांचं म्हणणं असं की, वरिष्ठाच्या सांगण्यावरून काम करताना शक्य तिथे आदेश लेखी घ्यावा, ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा. कागदावर हे सोपं वाटतं. पण पंचविशीतल्या, परिवीक्षा न संपलेल्या पोराने साहेबाला ‘लिहून द्या’ म्हणायचं म्हणजे काय, हे ज्याने ती केबिन पाहिलीय त्यालाच कळेल. ती हिंमत खालून मागणं मला चुकीचं वाटतं. सही आपणहून वरून आली पाहिजे.

त्या प्रकरणात ती आली, उशिरा. सीओंची बदली झाली. नव्या बाईंनी फाईल पूर्ण वाचली, अभियंत्याला बोलावून विचारलं आणि जुन्या सीओंना फोन करून, त्यांच्याशी झालेलं बोलणं तारखेसह टिपणीत लिहिलं. नोटीस मागे घेतली. प्रकरण कार्योत्तर मंजुरीसाठी सभेपुढे ठेवलं आणि विषयाच्या टिपणीत ‘प्रशासनाच्या तोंडी निर्देशानुसार काम झाले’ असं वाक्य घातलं. सभेत एक सदस्य उठून म्हणाले, “निर्देश कुणाचे, नाव सांगा.” अध्यक्ष गप्प बसले. बाई म्हणाल्या, “या खुर्चीचे. उत्तर मी देते.” ते मी इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर लागले. अध्यक्षांचा फोन आला, तेव्हा अभियंत्याने 58(2) च्या आदेशाचा मसुदा टाइप करून शिपायाबरोबर त्यांच्या घरी पाठवला. अध्यक्षांनी आधी शिपायालाच झापलं. दुपारी सही होऊन आदेश आला, आणि टँकर त्यानंतर निघाले.