पटाबाहेरचा मुलगा

दहावीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला आमचा एक विद्यार्थी महिन्याभराने शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. आम्ही त्यास आत बोलावले, तर म्हणाला, "सर, आता माझं नाव पटावर नाही." त्याचे म्हणणे खरे होते, नाव कमी करणारी सही आमचीच होती! शाळेचा पट सुटला आणि कामाचा हजेरीपट अजून लाभला नाही, अशा मधल्या काळात मुलगा कोणाचा?

पूर्वी ही जागा तालमीने सांभाळली. आमच्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी तरुणांना घडविले. चांगल्या वस्तादास मुलाच्या दंडाइतकीच त्याच्या घरची चूलही ठाऊक असे. आजचा युवक-कार्यकर्ता याच परंपरेतला. शाळेत मुलास यावेच लागते. कार्यकर्त्याकडे तो आपखुशीने येतो आणि मन उडाले की निघून जातो. छडी, गुण, दाखला यांपैकी एकही साधन कार्यकर्त्याच्या हाती नसते. विश्वास हेच त्याचे भांडवल. खेळ, सहल, नाटक ही केवळ निमित्ते. तरुणास स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, हा हेतू.

"सेवेला पगार कसला?" असे पुष्कळ सज्जन विचारतात. परंतु स्वयंसेवकास नोकरी लागली की तो जातो, आणि मुलाच्या वाट्यास आणखी एक तुटलेला आधार येतो. शिवाय मुलाने सांगितलेले गुपित केव्हा राखावे, पालकांस केव्हा कळवावे, डॉक्टरकडे केव्हा न्यावे, हे केवळ सद्भावनेने उमगत नाही; ते शिकावे लागते. इंग्लंडने हे ओळखले. १९६० च्या अल्बेमार्ल समितीच्या अहवालानंतर १९६१ मध्ये लेस्टर येथे युवक-नेत्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. आपल्याकडे १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. पण ती शिकणाऱ्यांसाठी. १९७२ पासूनच्या नेहरू युवक केंद्रांनी शाळेबाहेरच्या ग्रामीण तरुणांकडे लक्ष दिले. मात्र गावपातळीवरील भार प्रामुख्याने स्वयंसेवकांनीच वाहिला. शहरातल्या गल्लीतला आमचा विद्यार्थी दोन्हींच्या मध्ये राहिला.

तो हल्ली सायंकाळी आमच्या मैदानावर येऊन बसतो. आम्ही जवळ जातो आणि विचारतो, "अभ्यास चालला आहे ना?" तो मान डोलावतो व गप्प होतो. तीस वर्षे अध्यापन करूनही आम्हांस दुसरे काही विचारता येत नाही, ही आमची कबुली.

आपली मंडळे वर्गणी काढून गणरायाचा मांडव दहा दिवस उभा करतात. त्याच वर्गणीचा एक वाटा राखून, फाटकाबाहेरच्या मुलांसाठी एक शिकलेला, पगारी माणूस वर्षभर उभा करावयास काय हरकत आहे?