अमली पदार्थांचा कायदा आणि वैद्याचे औषधकपाट

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातील तामलवाडी पोलिसांनी मेफेड्रोनप्रकरणी अटक केली आणि पुढे तुळजापूरच्या त्या प्रकरणातील आरोपींची संख्या तिसाच्या वर गेली. मेफेड्रोन हे आपल्या कपाटातील द्रव्य नव्हे. परंतु ज्या कायद्याखाली ती कारवाई झाली, त्याच कायद्याच्या कक्षेत अहिफेन आणि गांजाही येतात. माकणीसारख्या गावी दवाखाना व औषधालय बहुधा एकाच छपराखाली असते. म्हणून वैद्यबंधू व औषधविक्रेते या दोघांनीही हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय म्हणतो?

१९८५ चा हा अधिनियम सर्वत्र ‘एनडीपीएस’ या नावाने परिचित आहे. त्यातील कलम ८ वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगास मुभा देते. मात्र ती नियमांनुसार आणि आवश्यक त्या परवान्यासहच. गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोरे. फुलोऱ्यांविना असलेली पाने व बिया या व्याख्येत येत नाहीत. पण येथेच पुष्कळांची फसगत होते. आपल्या राज्यात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून विनापरवाना भांग बाळगणे हा त्याखाली गुन्हा ठरतो. शिवाय पानांसोबत फुलोरे आढळल्यास प्रकरण थेट एनडीपीएसमध्ये जाते.

शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत अल्प आणि २० किलोहून अधिक व्यापारी प्रमाण मानला जातो. अफूसाठी हेच आकडे २५ ग्रॅम व अडीच किलो असे आहेत. अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. व्यापारी प्रमाणास १० ते २० वर्षे सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंड आहे. व्यापारी प्रमाणात कलम ३७ मुळे जामीनही अत्यंत दुष्कर होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानुसार मिश्रणातील केवळ मादक अंशाचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. ०.२ टक्क्यांहून अधिक मॉर्फिन नसलेले कल्प मात्र अफूच्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणूनच प्रत्येक कल्पाचे घटकप्रमाण कागदावर असणे महत्त्वाचे.

पदवी हे कवच नव्हे

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्यातून सूट आहे. परंतु ती औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यापुरतीच. एनडीपीएसमध्ये ती उपयोगी पडत नाही. ऋषिकेश येथील एका आयुर्वेद चिकित्सकाकडे फेनोबार्बिटोन आढळल्याच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा जामीन कायम ठेवला होता. पुढे २०१४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालातील कायद्याचा अर्थ ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले. तेव्हा जुन्या निकालावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

दक्षता

जातिफलादि चूर्णासारखे भांगयुक्त व कर्पूररसासारखे अहिफेनयुक्त कल्प परवानाधारक उत्पादकाकडूनच, पक्क्या बिलावर घ्यावेत. शेड्यूल ई-१ मधील विषद्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना आहे, याची खात्री करावी. साठ्याची आवक-जावक नोंदवावी. अल्प्राझोलम, ट्रामाडोल यांची विक्री करणाऱ्या दुकानदारांनी एच-१ नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी. कलम ५४ अन्वये ताबा सिद्ध झाला की गुन्ह्याचे गृहीतक आरोपीविरुद्ध जाते. ते खोडण्याचा भार त्याच्यावरच पडतो. त्या वेळी ही कागदपत्रेच बोलतात.

प्रसंग आल्यास

झडतीस विरोध करू नये, वस्तू लपवू नये. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क कलम ५० देते. तो अंगझडतीपुरता आहे, दुकान वा पिशवीस लागू नाही. पंचनामा वाचूनच सही करावी व प्रत मागावी. कोऱ्या कागदावर कदापि सही करू नये. अटकेची कारणे समजेल अशा भाषेत लेखी मागावीत. नातेवाइकास कळविण्याचा व वकिलास भेटण्याचा हक्क आहे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. नमुने दंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत घेतले गेले का, हे कलम ५२-अ नुसार वकिलांनी तपासावे.

वकील निवडताना एनडीपीएसचे खटले सत्र न्यायालयात चालविल्याचा अनुभव पाहावा. बिले, परवाने व नोंदवहीच्या प्रती पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती द्याव्यात. वकील परवडत नसल्यास खचून जाऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीस, तसेच स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी धाराशिव येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा.

अहिफेन शास्त्रोक्त मात्रेत औषध आहे, अतिमात्रेत विष. ही मात्रा जपणारा वैद्य कागदपत्रांतही तितकाच काटेकोर राहिला, तर त्याची आणि शास्त्राचीही प्रतिष्ठा अबाधित राहील. सर्व सभासदांनी आजच आपले कपाट व नोंदवही एकदा ताडून पाहावी, ही विनंती.