पत्र्याला भोक पाडताना



उन्हाळ्यात आपल्यापैकी पुष्कळांची नागपूरला फेरी होते आणि ती बहुधा धंतोलीत येऊन थांबते. दवाखाने तिथे, डॉक्टरही तिथेच. पेशंट आत, आपण बाहेर. मग नजर जाते ती खिडक्याखिडक्यांना लावलेल्या पत्र्याच्या कूलरांकडे. पारा ४५ च्या वर गेला की माणूस या डब्याच्याच आसऱ्याला येतो. आता हा डबा गावोगावीही पोचला आहे. पण दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्याही विदर्भातून येतातच. अर्थिंग नसणे, पंप जुना होणे ही कारणे सगळे सांगतात. तार आत घ्यायला पाडलेल्या भोकाकडे मात्र कुणी पाहत नाही.

खिळा धरला, चार ठोके हाणले, झाले भोक! पण आतल्या बाजूला पत्र्याचे दात निघतात. पंखा फिरला की डबा थरथरतो, दात तारेच्या आवरणाला घासत राहतात. एक दिवस आवरण संपते आणि ओला पत्रा जिवंत होतो. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीचीही हीच गत. म्हणून हत्यार निवडताना भोक किती लवकर पडते ते पाहू नये, कड कशी सुटते ते पाहावे.

कूलरचा पत्रा साधारण २२ किंवा २४ गेजचा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवा. २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरही भरत नाही. इतक्या पातळ पत्र्यात साध्या ड्रिलचा जाड बिट घातला तर तो अडकतो, पत्रा गरकन फिरतो, हात कापतो, आणि भोक गोल न होता तिकोनी होते. लहान भोकाला हा बिट ठीक. मोठ्याला पायऱ्यापायऱ्यांचा बिट, म्हणजे स्टेप ड्रिल, घ्यावा. आधी सेंटर पंचने खूण, मग ३ मिलिमीटरचे भोक, मग स्टेप ड्रिल, हव्या त्या पायरीवर थांबायचे. पत्रा लाकडावर क्लॅम्पने आवळलेला हवा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नकोत. मोजा गुंडाळला की बोटही जाते.

होल सॉ पाइपाच्या मोठ्या भोकाला चालतो, पण बारीक दातांचा आणि सावकाश फिरवलेला. आमच्या मते सगळ्यांत सुबक काम चॅसिस पंचचे. मधे बोल्टापुरते भोक पाडायचे, दोन्ही बाजूंनी पंच आणि डाय बसवून पान्याने बोल्ट आवळायचा; चकती कापून अलगद निघते. खोट एवढीच, की एका मापाला एक पंच. एकट्याने सगळी मापे घेणे महागात पडेल, गावातल्या चौघापाचांनी मिळून घ्यावीत. सहकार काय फक्त उसापुरताच आहे?

पंख्याच्या मोठ्या तोंडाला निब्लर बरा. तो पत्रा चावत चावत जातो, वाकवत नाही. साध्या कातरीनेही जमते, पण हात बसलेला पाहिजे. वेल्डिंगच्या कांडीने भोक जाळू नये. जस्ताचा थर जळून तिथेच गंज धरतो, आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो.

भोक कशानेही पाडा, अर्धगोल कानस दोन्ही बाजूंनी फिरवलीच पाहिजे. मग रबरी बुश किंवा केबल ग्लँड. २० मिलिमीटरच्या ग्लँडला २० चेच भोक. सैल पडले तर ग्लँड हलते आणि पाणी आत शिरते.

कूलरला तारेचे भोक पाण्याच्या पातळीच्या वर घ्यावे, आणि तार आत शिरण्याआधी खाली झोल ठेवावा, म्हणजे ओघळ तिथेच टपकतो. स्टार्टरच्या पेटीला भोक खालून पाडावे. वरून पाडलेल्या भोकातून पहिल्याच पावसाचे पाणी थेट कॉन्टॅक्टवर येते.