वारस कोण, हे कोणाच्या शिक्क्याने ठरते?

गोडदेवच्या एका चाळीतल्या भाभी गेल्या महिन्यात शाळेत आल्या. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात आहे. पिशवीत तीन कागद होते : नगरसेवकाचे पत्र, स्टॅम्पपेपरवरचे प्रतिज्ञापत्र आणि गावच्या जमिनीचा फेरफार. "टीचर, बँक तिन्ही परत करते. मरहूमांचे पैसे आमचे नाहीत का?"

पैसे त्यांचेच आहेत. पण यातल्या एकाही कागदाला वारस ठरवण्याचा अधिकार नाही. नगरसेवक फार तर ओळख देतो. तलाठी नोंद घेतो : जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 149 नुसार वारसांनी तीन महिन्यांत कळवायचे, मग नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. काझीसाहेबांचे पत्र आणू का, असेही भाभींनी विचारले. पण काझीच्या नेमणुकीने न्यायनिवाड्याचा अधिकार मिळत नाही, हे 1880च्या काझी कायद्यातच लिहिले आहे.

अधिकार आहे तो न्यायालयाला. बँकेतल्या ठेवींसाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 खाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते. कायद्याचा हा भाग मुसलमानांनाही लागू आहे. खोलीसाठी वारस दाखला लागतो, तो मुंबई विनियम 8, 1827 खाली. पेशवाई बुडून नऊच वर्षे झाली होती तेव्हाचा हा कायदा, आजही चालतो! अर्ज आला की न्यायालय जाहीर नोटीस काढून हरकतींसाठी महिनाभर देते. वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आपल्यासाठी ते ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.

मग मी नगरसेवकाचे पत्र पुन्हा वाचले. वारस दोनच : भाभी आणि मुलगा. मजकूर दिराने सांगितलेला. दोन्ही मुली गायब! सूरह निसामध्ये हिस्से स्पष्ट आहेत : मुले असताना बायकोला आठवा हिस्सा, मरहूमांच्या आईला सहावा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट.

"आईला?" भाभी थबकल्या. सासूबाई हयात आहेत, गावी असतात. "मुलींचं मला खटकलं होतं, टीचर. पण अम्मींचं नाव मीसुद्धा सांगितलं नव्हतं."

वहीच्या पानावर त्यांनी नवी यादी लिहिली. पाच नावे. पहिले अम्मींचे.