पेशीतली मिटलेली कात्री

पेशी ठरवून मरते, हे मला पटलं ते सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीमुळे. उभयलिंगी कृमीच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत असे कृमी सापडले, की ज्यांच्यात या पेशी मरेनातच. त्यांचं सेड-३ हे जनुक बिघडलेलं होतं. १९९३ मध्ये उलगडलं, की हे जनुक प्रथिनं कापणाऱ्या विकराचं आहे. माणसातल्या अशा विकरांना कॅस्पेज म्हणतात.

ही कात्री पेशीत आधीपासूनच असते, फक्त मिटलेली. पेशीला जबर इजा झाली की मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडतं. (एरवी श्वसनासाठी राबणारं हेच प्रथिन!) ते अपाफ-१ला चिकटतं, त्या जुळणीवर कॅस्पेज-९ जागं होतं आणि कॅस्पेज-३ला कापून कामाला लावतं. मग पेशीच्या पुड्या बांधल्या जातात, शेजारच्या पेशी त्या गिळतात.

मला मात्र मारणाऱ्यापेक्षा आवरणारा मोलाचा वाटतो. बीसीएल-२ हे प्रथिन सायटोक्रोमची वाट अडवून धरतं. काही रक्ताच्या कर्करोगांत ते इतकं वाढतं, की मरायला हव्या त्या पेशी जगतच राहतात. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ची ही पकड सोडवतं. पुढचं काम त्या पेशीतले कॅस्पेजच करतात.