खिशांतील रिव्हॉल्व्हर आणि त्याची मूठ

नवी कुऱ्हाड घरीं आणली म्हणजे जाणता माणूस प्रथम पात्याकडे पाहत नाहीं. दांडा हातांत धरून पाहतो. क्रिकेटचा खेळाडू बॅटवरचें रबर रुचलें नाहीं तर तें उतरवून आपल्या हाताला मानवेल असें दुसरें चढवितो. हत्यार कारखान्यांत तयार होतें, पण हात ज्याचा त्याचा निराळा. आणि या दोहोंची गांठ जेथें पडते ती जागा म्हणजे मूठ. अमेरिकेंतील पोलीस, गुप्त पोलीस आणि परवानाधारक नागरिक कपड्यांखालीं लपवून जें लहान रिव्हॉल्व्हर बाळगीत, त्याच्या बाबतींत हा मुठीचा प्रश्न इतका अडचणीचा ठरला कीं, शस्त्रांच्या कारखान्यांबाहेरच्या कारागिरांचा एक निराळा धंदाच त्यावर उभा राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यास व त्याच्या मागेंपुढें या मंडळींनीं घडविलेल्या मुठी आज संग्राहक हौसेनें जमवितात.

अडचण नेमकी कोणती हें समजण्यासाठीं श्रोत्यांनीं क्षणभर उजव्या हाताची मूठ वळून तर्जनी तेवढी सरळ पुढें करावी. हत्यार घट्ट धरण्याचें बळ खालच्या तीन बोटांत आहे. आतां त्यांपैकीं करंगळीला धरावयास कांहींच उरलेलें नाहीं, असें समजावें. कोल्ट कारखान्यानें १९२७ सालीं 'डिटेक्टिव्ह स्पेशल' या नांवाचें सहा काडतुसांचें जें रिव्हॉल्व्हर काढलें, त्याची नळी अवघी दोन इंच लांब आणि वजन सुमारें २१ औंस, म्हणजे ६०० ग्रॅम होतें. स्मिथ अँड वेसनचें १९५० चें 'चीफ्स स्पेशल' त्याहूनहि लहान. त्यांत पांचच काडतुसें बसत. अशा रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर मोठ्या हाताच्या माणसाची करंगळी मावत नाहीं. शिवाय चापाभोंवतीं जें पोलादी कडें असतें त्याच्या मागें, मूठ जेथून सुरू होते तेथें, एक खोलगट पोकळी राहते. मधलें बोट त्या पोकळींत वर सरकतें आणि त्याचा सांधा कड्याला खालून भिडतो.

बार निघाला म्हणजे काय होतें तें पाहण्यासारखें आहे. नळी हाताच्या वरच्या बाजूस असल्यामुळें धक्का नुसता मागें येत नाहीं. रिव्हॉल्व्हरचें तोंड वर उसळतें, मूठ तळव्यांत फिरते, आणि कडें मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळतें. सरावाच्या एका बैठकींत हा सांधा सोलून निघतो. पण कातडें सोलणें ही त्यांतली लहान गोष्ट झाली. पहिल्या बाराच्या वेळीं हात जेथें होता तेथें तो दुसऱ्या बाराला राहत नाहीं, हा खरा दोष. त्यांत, घोडा आधीं न चढवितां नुसता चाप ओढून बार काढावयाचा तर बोटाला दहाबारा पौंडांचा जोर करावा लागतो, आणि खुद्द रिव्हॉल्व्हरचें वजन दीड पौंडहि भरत नाहीं. एवढा जोर करतांना पकड जरा सैल असली कीं नळीचें तोंड बाजूला वळतें. नेमांत एका अंशाची चूक झाली तर वीस फुटांवर गोळी सुमारें चार इंच चुकते. शंभर फुटांवर ती चूक पावणेदोन फुटांची होते. रस्त्यावर, गर्दींत, पोलिसावर असा प्रसंग आला तर चुकलेली गोळी कोणाला तरी लागणारच, आणि तो कोणी कदाचित् बाजारहाटासाठीं निघालेला वाटसरू असावयाचा.

मग मूठच मोठी कां करूं नये? कारण लपविलेल्या रिव्हॉल्व्हरचें बिंग फोडते ती मूठच. नळी कमरपट्ट्याखालीं जाते, चक्र अंगाशीं दबून राहतें, परंतु मूठ वर व मागें निघते आणि कोटाच्या कापडावर तिचा उंचवटा उमटतो. हाताला ती मोठी हवी, कोटाला ती लहान हवी. या दोन धन्यांची एकाच वेळीं चाकरी करणें हें या धंद्यांतील सगळें कसब होय.

कोटाची बाजू कोणी किती ओढून धरावी, याचें टोकाचें उदाहरण म्हणजे कोल्ट कारखान्यांतीलच नामांकित नेमबाज जॉन हेन्री फिट्झजेरल्ड. खिशांत अडकेल तें सारें काढून टाकावें, असा त्यांचा खाक्या होता. नळी तोडून दोन इंचांची केली, घोड्याचें शिंग कापलें, मुठीचे कोपरे घांसून गोल केले, आणि चापाच्या कड्याचा पुढचा भाग साफ उडवून दिला. 'फिट्झ स्पेशल' या नांवानें हीं रिव्हॉल्व्हरें प्रसिद्ध आहेत. उघडा चाप खिशांत घालून हिंडणें हें त्यांच्यासारख्या जन्म घालविलेल्या माणसाला शोभलें असेल. इतरांनीं त्याचें अनुकरण करणें म्हणजे स्वतःच्या मांडीशीं वैर होय.

हाताची बाजू वॉल्टर रोपर यांच्यासारख्यांनीं घेतली. चाप ओढतांना प्रत्येक बोट कोठें टेकतें, अंगठ्याला आधार कोठें हवा, याचा विचार करून त्यांनीं अक्रोडाच्या भरदार मुठी बनवविल्या. त्या निशाणबाजीच्या मैदानासाठीं उत्तम होत्या, खिशासाठीं नव्हेत. स्मिथ अँड वेसननेंहि १९३५ च्या सुमारास 'मॅग्ना' नांवाच्या मुठी आणल्या. त्यांचें लाकूड पोलादी सांगाड्याच्या खांद्यापर्यंत वर चढविलेलें असे, त्यामुळें धक्का तळव्यावर पसरून बसे. परंतु कड्यामागची ती पोकळी जशीच्या तशीच राहिली.

त्या पोकळीवरचा तोडगा इतका साधा आहे कीं तो आधीं कोणास कां सुचला नाहीं असें वाटावें. सबंध मूठ बदलूंच नये. खळगा तेवढा भरून काढावा! लॉस एंजलिसच्या पॅचमायर यांनीं या कामीं रबराचा तुकडा वापरला. ओक्लाहोमा सिटीच्या मेल्विन टायलर यांनीं तोच अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतला, आणि 'टायलर टी-ग्रिप' या नांवानें तो घरोघर नव्हे तरी पोलीस-चौकीचौकींतून माहीत झाला. अंगठ्याएवढा हा तुकडा कड्याच्या मागें बसतो. त्याला जोडलेल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या लाकडी फळ्यांच्या खालीं सरकवून मुठीचा स्क्रू पुन्हा आवळला कीं काम झालें. भोंक पाडणें नको, कानशीनें घांसणें नको, आणि नकोसा झाला तर पांच मिनिटांत काढतां येतो. मधलें बोट खालीं येतें, कड्याचा मार चुकतो, आणि हात दर वेळीं त्याच जागीं बसतो. मुठीची मागची आणि खालची आकृति मात्र तसूभरहि वाढत नाहीं. कोटाला या बदलाची वार्ताच लागत नाहीं. या सबंध धंद्यांतील सर्वांत शहाणपणाची वस्तु कोणती असें विचारलें तर या स्वस्त तुकड्याकडेच बोट दाखवावें लागेल. त्याचा दोष एवढाच कीं, पट्ट्या नीट बसल्या नाहींत तर फळ्या उचलल्या जाऊन फट दिसते, आणि तुकडा सैल होऊन बोटाखालीं हलूं लागतो.

मुठी कशाच्या करीत याचाहि इतिहास मनोरंजक आहे. अक्रोडाचें लाकूड सर्वांत रूढ. त्यावर बारीक चौकडीच्या खांचा कोरल्या म्हणजे घामेजलेल्या हातालाहि पकड मिळते. मात्र हीच चौकडी कोटाचें अस्तर रोज थोडथोडें खाते. रबर हाताला धरून ठेवतें, पण तें कापडालाहि चिकटतें, आणि रिव्हॉल्व्हर झटकन् बाहेर काढावें तर सदरा त्याच्याबरोबर वर येतो. मोत्याचा शिंपला दिसावयास देखणा, धरावयास निसरडा. शिकागोच्या 'फ्रँझाइट' मुठी प्लास्टिकच्या असत. शिंपला, हस्तिदंत, शिंग, सगळ्यांची नक्कल त्यांत मिळे आणि ती अल्प किंमतींत मिळे. खऱ्या शिंगाची मूठ म्हणजे पुष्कळदां आपल्याकडच्या सांबराच्या शिंगाची. सांबर आपलीं शिंगें ठराविक काळानें टाकतें. जंगलांत वेंचलेलीं हीं भरीव, खरबरीत शिंगें शेफील्डच्या चाकूंना आणि अमेरिकेंतील रिव्हॉल्व्हरांना पुरत असत. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारत सरकारनें त्यांची निर्यात बंद केली, आणि जुन्या शिंगी मुठींचा भाव चढला.

१९६० नंतरच्या दशकांत मिशिगनच्या बरामी कंपनीनें म्यानाचाच कांटा काढून टाकला. तिच्या 'हिप-ग्रिप'च्या उजव्या फळीला एक आंकडा असे. रिव्हॉल्व्हर पोटाशीं खोंचावें आणि आंकडा कमरपट्ट्यावर अडकवावा. चामड्याचें म्यान नको कीं बंद नको. फळी प्लास्टिकची व पातळ असल्यामुळें ती कपड्याबाहेर फारशी दिसत नसे. हातास ती कशी वाटे हा प्रश्न वेगळा. तेथें पुन्हा टायलरचा तुकडा लागे.

याच सुमारास आयडाहोमधील ट्विन फॉल्सच्या स्टीव्ह हेरेट यांचा कारखाना गिऱ्हाइकाकडून कागदावर पंजा ठेवून काढलेली बाह्यरेखा मागवी आणि त्या मापानें मूठ कोरून देई. सीमारक्षक दलांतील धिप्पाड नेमबाज बिल जॉर्डन यांच्या आराखड्यावरून हेरेट यांनीं बनविलेली मूठ फार गाजली. ती मोठी, गुळगुळीत, खांचा नसलेली. पण उघड्या म्यानांत, सर्वांच्या डोळ्यांसमोर बाळगण्याच्या रिव्हॉल्व्हरची ती मूठ. पुष्कळांनीं ती नांवाच्या मोहानें लहान रिव्हॉल्व्हरांसाठींहि घेतली आणि मग जाडजूड कोट शिवून घेतले.

कारखाने हें सारें पाहत होतेच. कोल्टनें १९६६ सालीं 'डिटेक्टिव्ह स्पेशल'च्या मुठीचा पोलादी सांगाडा आंखूड केला, पण लाकूड मात्र त्याच्या खालीं उतरेल एवढें लांब ठेवलें. त्यामुळें ज्याला लहान मूठ हवी त्यानें लाकूड बदलावें, पोलादाला हात लावावा लागूं नये, अशी सोय झाली. पुढें क्रेग स्पेगेल यांनीं 'बूट ग्रिप' या नांवाची आंखूड मूठ घडविली. तिचें लाकूड पोलादाच्या टोंकाशींच संपतें, पुढें दोन बोटांपुरती खोबण असते आणि खळगा भरलेला असतो. करंगळीनें खालीं दुमडून राहावें, हें तिनें मुकाट्यानें मान्य केलें आहे. तिच्या नकला नंतर रबरांत असंख्य निघाल्या.

जुन्या मुठी विकत घेणाऱ्यानें प्रथम सांगाडा पाहावा. गोल बुडाच्या रिव्हॉल्व्हरला चौकोनी बुडाची मूठ बसत नाहीं. १९६६ पूर्वींच्या कोल्टची मूठ नंतरच्या कोल्टला बसत नाहीं. लाकूड सुकून आकसलेलें असलें तर स्क्रू आवळतांना फळी तडकते. मग दोन्ही फळ्या शेजारीं ठेवून उजेडांत न्याहाळाव्या. पुष्कळदां एका फळीवरची चौकडी नव्यासारखी तीक्ष्ण असते आणि दुसरीची झिजून सपाट झालेली असते. ती झीज गोळीबाराची नव्हे. ती अंगाकडची बाजू. वर्षानुवर्षें सदऱ्याला घांसत राहिलेली.