किनाऱ्यावरचे दिवे आणि समुद्री जीव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्री जीवांचे खाणे, लपणे आणि प्रजनन उजेड-अंधाराच्या चक्रावर चालते. बंदरे, रिसॉर्ट आणि किनारी रस्त्यांवरचे दिवे हे चक्र मोडतात.

गैरसमज: कासवाची पिल्ले चंद्र पाहून समुद्राकडे जातात.
वस्तुस्थिती: अमावस्येलाही पिल्ले समुद्र गाठतात. वाळूचे उंचवटे आणि झाडी यांच्या काळोखाकडे पाठ करून ती क्षितिजालगतच्या जास्त उजळ बाजूला सरकतात. एरवी ती बाजू समुद्राची असते. कोकणात वेळास, आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. जमिनीकडे दिवे असले तर ती उलट दिशेला जातात. थकून, सुकून मरतात किंवा खेकडे-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. अंडी घालायला येणाऱ्या माद्याही उजळलेला किनारा टाळतात.

गैरसमज: उजेड पाण्याच्या पृष्ठभागावरच अडतो.
वस्तुस्थिती: २०२१ च्या जागतिक पाहणीनुसार सुमारे १९ लाख चौरस किलोमीटर किनारी समुद्रात एक मीटर खोलीवर जीवांवर परिणाम करण्याइतका कृत्रिम उजेड पोहोचतो. पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश स्वच्छ पाण्यात खोल जातो. माशांपासून वाचण्यासाठी प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, दिवसा खोल राहतात आणि रात्री चरायला वर येतात. उजेडामुळे त्यांचे वर येणे अडते. उत्तर ध्रुवीय समुद्रात जहाजाच्या दिव्यांनी २०० मीटर खोलीपर्यंतच्या मासे-प्लवकांचे वर्तन बदललेले आढळले.

गैरसमज: दिव्याखाली मासे जमतात, म्हणजे त्यांना उजेड मानवतो.
वस्तुस्थिती: जमणे म्हणजे मानवणे नव्हे. उजेडात छोटे मासे शिकाऱ्यांना सहज सापडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रात्रभर उजेडात ठेवलेल्या क्लाउनफिशच्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आले नाही. माशांच्या याच ओढीचा वापर एलईडी मासेमारीत होतो. लहान मासळीही त्यात सरसकट ओढली जात असल्याने केंद्र सरकारने २०१७ मध्ये या मासेमारीवर बंदी घातली.

गैरसमज: उपाय म्हणजे किनारा पूर्ण काळोखात ठेवणे.
वस्तुस्थिती: प्रश्न गरजेपेक्षा जास्त आणि चुकीच्या दिशेला पडणाऱ्या उजेडाचा आहे. दिव्यांना झाकण घालून उजेड खाली वळवणे, खांब बुटके ठेवणे, माणूस आल्यावरच लागणारे दिवे बसवणे आणि विणीच्या हंगामात समुद्राकडचे दिवे बंद ठेवणे शक्य असते. पिवळसर-नारिंगी प्रकाश कासवांना कमी भुलवतो. पण तो सर्व जीवांना निर्धोक नसल्याने दिव्यांची संख्या आणि वेळ कमी करणे आवश्यकच ठरते.